जुन्या नावेचा नवा रंग



चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा कामगार चळवळीवर चार शब्द मिळतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘जुन्या नावेला रंग कसा द्यावा’ हा विषय सांगितला आणि समोरच्यांची तोंडे पाहण्यासारखी झाली. वैशाखात पैनगंगेत पाय भिजवायचे म्हटले तरी पाणी शोधावे लागते. अशा गावी नावेची कथा कोण ऐकणार? तरी आम्ही विषय सोडला नाही. कारण ती नाव गेल्या उन्हाळ्यात याच गावाबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, आणि तिच्या कामाचा करार आम्हीच ठरवला होता. तो करार चुकला. कसा चुकला, ते सांगायला आज उभे आहोत.

नाव म्हणजे धरणाच्या पाण्यावर मागे दोर बांधून, पायांत फळ्या घातलेल्या माणसाला पाण्यावरून ओढत नेणारी. या खेळाचा आरंभ 1922 साली अमेरिकेत मिनेसोटा प्रांतातील लेक पेपिनवर झाला. राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या पोराने तो प्रथम साधला. आरंभीच्या नावा लाकडी होत्या. पुढे काचेचे तंतू आणि रासायनिक राळ यांच्या नावा आल्या, त्यांनाच आपण फायबरच्या म्हणतो. आमच्याकडे आलेली नाव अशीच फायबरची, वीसेक वर्षांची. एके काळी लाल असावी. अंगावरून बोट फिरवले की भुकटी हाताला लागे. जिल्ह्याबाहेरच्या एका ठेकेदाराने ती जुनी विकत घेतली होती आणि पावसाळा संपताच ती चमकती होऊन पाण्यात उतरावी, एवढीच त्याची इच्छा होती.

आपल्या गावात एक वयस्क रंगारी आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. या टापूतील किती घरांच्या दारांना त्यांचा हात लागला असेल याचा हिशेब त्यांच्यापाशीही नाही. काम मिळेल म्हणून आम्ही त्यांचे नाव सुचवले आणि ठेकेदाराशी बोलायलाही आम्हीच बसलो. आयुष्यभर मालकांशी वाटाघाटी केलेल्या, त्यामुळे आमचा हात कोण धरणार! अस्तराचा एक हात, वर रंगाचे दोन हात, प्रत्येक हाताचा भाव चौरस फुटावर, अर्धे पैसे आधी आणि अर्धे नाव पाण्यात उतरल्यावर. भाव चांगला मिळवला, अशा समाधानात घरी आलो.

वस्तुतः आम्हांला हे कळायला हवे होते. तरुणपणी आम्ही मुंबईत जहाजांवर चिपिंगचे काम केले आहे. चिपिंग म्हणजे लोखंडावरचा गंज आणि जुना रंग हातोडीने ठोकून काढणे. ज्या रस्त्याने आम्ही गोदीकडे जात होतो, त्याला गोदी कामगारांचे पुढारी पी. डि’मेलो यांचे नाव आहे. जहाज रंगवून निघाले की लोक रंगाकडे पाहतात. पण दहा दिवसांतले आठ दिवस ठोकण्यात आणि खरवडण्यात गेलेले असतात. हातोड्यांच्या आवाजाने रात्रीसुद्धा कानांत घण वाजत. कोकणात लाकडी होडी पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढतात, घासतात, फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकतात, लाकडाला तेल पाजतात. तेथेही वेळ खाते ते घासणे. हे सारे ठाऊक असून आम्ही कागदावर काय लिहिले? रंगाचे हात.

त्याचा परिणाम जो व्हायचा तोच झाला. खरवडण्याला पैसा नाही, तेव्हा चाचांनी आणि त्यांच्या भाच्याने ते दोन दिवसांत उरकले. कोरडा पॉलिश पेपर विजेच्या यंत्राला लावून घासले. वाऱ्याने कचरा रंगावर बसू नये म्हणून शेडची दारे लावून घेतली. खाचांत घरच्या दाराला भरतात तीच लांबी भरली. ठेकेदाराने दोन डब्यांचा भारी रंग आणि फवाऱ्याचे यंत्र दिले होते; तोंडाला रुमाल बांधून चाचांनी तो मे महिन्याच्या दुपारी फवारला. नाव अशी झळकली की गावातली मुले तिच्यात तोंडे पाहायला येत.

दिवाळीपर्यंत रंगाच्या पोपड्या निघाल्या. लांबी फुगून बाहेर आली. ठेकेदाराने राहिलेले अर्धे पैसे अडवले. आम्ही तावातावाने चाचांकडे गेलो. खरे सांगायचे तर त्यांनाच चार शब्द सुनवायला गेलो. चाचा खोकत होते. खोकला थांबल्यावर म्हणाले, “भाऊ, रंगाचे पैसे तुमी ठरोले, खरडाचे कोनं ठरोले?”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मग आम्ही वाचायला बसलो. शाळा आमची लवकर सुटली, त्यामुळे काही समजेना की पुस्तक उघडायचे ही सवय आहे. फायबरच्या नावेवर बाहेरून राळेचीच एक रंगीत साय असते, तिला जेलकोट म्हणतात. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. उन्हापाण्याने तिची भुकटी होते. मालकांनी वर्षानुवर्षे चोळलेले मेण तिच्यात बसलेले असते. आधी ते मेण साबणाने आणि थिनरच्या फडक्याने काढावे लागते. तसे न करता घासले तर कागद ते मेण ओरखड्यांत अधिकच भरतो, आणि त्यावर कितीही उंची रंग दिला तरी तो धरत नाही. कसोटी सोपी आहे. अंगावर पाणी ओतावे. ते सलग पसरले तर मेण गेले. थेंब थेंब होऊन फुटले तर पुन्हा धुवावे. कुठे फोड असतील तर ते फोडून, धुऊन, आठवडे-आठवडे वाळू द्यावेत. आतल्या पाण्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. वाळवण्याच्या बाबतीत मात्र आपला विदर्भ कोकणाला हार जाणार नाही! खाचांत इपॉक्सीचाच भराव हवा. रंग सकाळच्या गारव्यात द्यावा. तापल्या अंगावर तो पसरण्याआधीच वरून सुकतो.

हे झाले नावेचे. आता फुप्फुसांचे. दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगात जो हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. फवारा मारला की ती श्वासात जातात, आणि कामातून होणाऱ्या दम्याच्या ठळक कारणांत त्यांची गणना होते. एकदा शरीराने त्यांचे वैर धरले की पुढे किंचित वासही पुरतो. रुमालाचा तेथे काडीइतका उपयोग नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. जुन्या थरांचे भय वेगळेच. पूर्वीच्या लाल-पिवळ्या रंगांत शिसे असू शकते, आणि कोरडे घासले की त्याची धूळ होते. शिशाच्या पांढऱ्या रंगापासून रंगाऱ्यांना वाचवण्यासाठी जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने 1921 सालीच ठराव संमत केला. आपल्याकडे 2016 साली नियम झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून रंगातील शिसे दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक नसावे, असे ठरले. पण तो नियम घरगुती आणि शोभेच्या रंगांचा. नाव, यंत्र, पूल रंगवणारा त्याच्या बाहेर राहिला. बाहेर राहिलेल्यांची यादी कायदा करताना कोणी वाचून दाखवत नाही.

ओले घासले तर धूळ उडत नाही. पाण्यातला पॉलिश पेपर, लाकडी ठोकळा आणि हात, एवढेच लागते. विजेचे यंत्र मात्र पाण्याजवळ आणू नये. वेळ चौपट लागतो. तो वेळ कोणाचा, एवढाच सारा प्रश्न होता.

या वर्षी माघात आम्ही ठेकेदाराकडे पुन्हा गेलो. आधीची चूक आमची, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकले. पुढाऱ्याने असे बोलावे याची त्याला सवय नसावी. तो जरा नरमला. नवा कागद झाला. धुणे, खरवडणे आणि घासणे रोजंदारीवर, दिवस लागतील तेवढे. पाण्याची कसोटी ठेकेदाराने स्वतः पाहायची. मग रंग हातांवर. मुखवटे आणि मोजे त्याच्या खर्चाने. फवारा नाही, दोन डब्यांचा रंगही नाही. एका डब्याचे सागरी इनॅमल, ब्रश आणि रोलरने. चमक कमी येईल, हे त्याने कागदावर मान्य केले. मागची अडवलेली रक्कम निम्मी मिळाली. तेवढ्यावरच आम्ही थांबलो. इथे आम्ही कमी पडलो असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ.

घासण्यालाच अकरा दिवस लागले. सारे काम भाच्याने आणि दोन पोरांनी केले. चाचा शेडबाहेर वाऱ्याच्या वरच्या अंगाला खाटेवर बसून सांगत, “पाणी मार, पाणी मार.” कसोटीच्या दिवशी ठेकेदाराने बादली ओतली, पहिल्या खेपेला नाळेपाशी पाणी फुटले, आणि त्याने स्वतःच पुन्हा धुवायला सांगितले. त्या दिवसाची मजुरी त्याने न मागता लिहिली. नाव रामनवमीच्या आत पाण्यात गेली. तो कागद आमच्या खिशात आहे. गावातल्या रंगाऱ्यांपैकी ज्यांना त्यावरून आपला करार लिहायचा असेल, त्यांनी सभेनंतर उतरून घ्यावा.

चाचा आज येणार होते. पण या सभागृहाच्या खिडक्यांना परवाच ऑइलपेंट दिला आहे, आणि दारापर्यंत येऊन ते परत गेले.