मधुमेहाचे संशोधन आणि वजनाचा काटा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



सातारा-सांगलीच्या ऊसकरी शेतकऱ्याला काटामारी म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. गाडी काट्यावर चढली की तो आकडा पाहतो, पावती मागतो, संशय आला तर फेरवजनाचा आग्रह धरतो. तोच शेतकरी मधुमेहाची गोळी घेऊन दवाखान्यातून बाहेर पडतो, तेव्हा ती गोळी गुणकारी ठरविणाऱ्या संशोधनाची पावती मात्र कोणी मागत नाही.

डॉक्टरने प्रयोग डोळ्यांनी पाहिलेला नसतो. त्याच्या हाती येतो तो छापील वृत्तान्त. वृत्तान्तच अपुरा असेल तर सज्जन डॉक्टरही फसतो. रोसिग्लिटाझोन या औषधाचा इतिहास त्याची साक्ष देतो. १९९९ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेले हे औषध रक्तातील साखर उतरवीत होते, यात खोटे काही नव्हते. परंतु हृदयावरील परिणामाचे काय? एका खटल्याच्या २००४ मधील तडजोडीमुळे कंपनीला आपल्या चाचण्यांचे निकाल खुले करावे लागले. त्यांचा आधार घेऊन निसेन व वोल्स्की यांनी २००७ मध्ये ४२ चाचण्यांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा हृदयविकाराच्या झटक्याचा वाढता धोका पुढे आला. २०१० मध्ये भारताने या औषधावर बंदी घातली. सुरक्षिततेविषयीची काही माहिती सरकारी यंत्रणेला कळविली नाही, हा गुन्हा कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकेत कबूल केला. पुढे २०१३ मध्ये तेथील निर्बंध सैल झाले, हेही सांगितले पाहिजे. धोका नेमका किती, हा वाद इतकी वर्षे लांबला. कारण सारे आकडे वेळेवर उजेडात आले नव्हते.

अशा लपवाछपवीस आळा बसावा म्हणून १९९६ मध्ये ‘कन्सॉर्ट’ नावाची नियमावली निघाली. रुग्ण कसे निवडले, गट कसे पाडले, मध्येच किती गळाले, हे निबंधात लिहिलेच पाहिजे, असे ती सांगते. भारतात २००७ पासून चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे आणि २००९ पासून औषधाच्या चाचणीची नोंद सक्तीची आहे. आधी जाहीर केलेले उद्दिष्ट आणि नंतर छापलेला निष्कर्ष यांची तुलना आता कोणालाही करता येते.

याचा आपल्या जिल्ह्यांशी संबंध काय? मिरज, सांगली, कराड येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. समजा, तेथील बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या शंभर मधुमेहींवर एक अभ्यास झाला. हंगाम सुरू होताच जत-माणकडील तीस मजूर ऊसतोडीला गेले आणि तपासणीस आले नाहीत. उरलेल्या सत्तरांपैकी पस्तीस जणांची साखर आटोक्यात आली. निबंधात ‘निम्मे रुग्ण सुधारले’ असे छापले, तर ते तीस कोठे गेले? शंभरांच्या हिशेबाने सुधारलेले पस्तीसच. तिसांची खबर कोणालाच नाही. जो सर्वांत कष्टकरी, ज्याच्या इन्सुलिनला थंड जागा नाही, तोच हिशेबातून वगळला जातो आणि उपचार यशस्वी ठरतो! ही संशोधनातील काटामारी होय.

नीट लिहिलेला वृत्तान्त कसा असतो, हेही पाहावे. देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, असे सांगणारा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,१३,०४३ माणसे तपासली, पैकी ७९,५०६ ग्रामीण व ३३,५३७ शहरी, हे स्पष्ट नोंदविले आहे. म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो. आणि ज्याच्याशी वाद घालता येतो तेच शास्त्र.

अर्थात चोख वृत्तान्त म्हणजे चोख संशोधन नव्हे. ताळेबंद सुबक असूनही संस्था बुडू शकते. पण ताळेबंदच नसेल तर बुडाली की तरली, हे सभासदाला कळणार कसे? शिवाय दोष एकट्या तरुण डॉक्टरचा नाही. बढतीसाठी निबंध हवा आणि संख्याशास्त्रज्ञाची मदत नाही, अशा व्यवस्थेत निबंधांची केवळ संख्या वाढते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी चार प्रश्न पाठ करावेत. माणसे कोठून निवडली? किती मध्येच सुटली? उद्दिष्ट आधी नोंदविले होते काय? पैसा कोणाचा? आणि एक मागणी करावी : ज्या गावच्या रुग्णांवर अभ्यास झाला, त्या गावाला त्याचा निष्कर्ष मराठीतून सांगितला जावा. महात्मा फुल्यांचे मूळ गाव कटगुण याच सातारा जिल्ह्यात आहे. पोथी वाचणाऱ्याला प्रश्न विचारण्याचे धैर्य ज्या मातीने दाखविले, तिला शोधनिबंधाला प्रश्न विचारणे जड जाऊ नये.