फुटलेली वस्तू फेकू नका

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बडोदे येथे दिलेले व्याख्यान)



सदोष वस्तूमुळे घरातील माणसास इजा झाली तर कायद्याने त्याला काय मिळू शकते, हा विषय चालकांनी आमच्याकडे सोपवला. उत्सवाच्या प्रसंगी तो रुक्ष वाटेल. परंतु औषधोपचारासाठी मदत मागायला येणारी कुटुंबे या संस्थेला नवीन नाहीत. दात्यांच्या पैशातून कोणाचे इस्पितळाचे बिल भरण्यापूर्वी, हा खर्च ज्याच्या मालामुळे आला त्याच्याकडून तो वसूल होतो काय, हे पाहणे हेही धर्मकार्यच होय.

आपल्या घरांत अशा वेळी काय घडते? समजा, कुकर उडाला आणि सुनेचा हात भाजला. शेजारी म्हणतात, "डोळे वाचले, देवाची कृपा!" सासरे फुटलेला कुकर दुकानात नेतात. दुकानदार भला असतो; तो जुना ठेवून घेतो, नवा देतो आणि प्रकरण मिटते. पण हातावरील उपचारांचे काय? महिनाभर बुडालेल्या नोकरीचे काय? त्या बाईने ज्या वेदना सोसल्या त्यांचे काय? यातले काहीच कोणी भरून देत नाही. शिवाय दाव्याचा सर्वांत मोठा पुरावा आपण आपल्याच हाताने दुकानदाराला देऊन आलेलो असतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. दिवाणी दाव्यांत पिढ्या खर्ची पडलेल्या पाहूनच ती म्हण निघाली असावी. परंतु ग्राहकासाठी निराळी पायरी बांधलेली आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते.

ही पायरी एका दिवसात बांधली गेली नाही. जुन्या काळी कायदा विचारी, 'माल विकत कोणी घेतला?' ज्याने पैसे दिले त्याचाच करार आणि त्याचीच तक्रार. १९२८ साली स्कॉटलंडमधील पेझली गावी मे डॉनह्यू नावाच्या बाईंना मैत्रिणीने जिंजर बिअरची बाटली घेऊन दिली. बाटली गडद काचेची. तीत कुजलेली गोगलगाय निघाली आणि आपण आजारी पडलो, असे बाईंचे म्हणणे. पैसे मैत्रिणीचे, तेव्हा करार बाईंचा नव्हे. तरीही १९३२ साली तेथील सर्वोच्च पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी असे ठरवले की, माल ज्याच्या मुखी जाणार त्याच्याविषयी काळजी घेणे हे कारखानदाराचे कर्तव्य आहे.

आपल्याकडे या चळवळीत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. इकडे गुजरातेत अहमदाबादचे ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र १९७८ पासून काम करीत आहे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि सदोष वस्तूमुळे होणाऱ्या इजेसाठी त्यात प्रथमच स्वतंत्र प्रकरण घातले गेले.

या प्रकरणाचे सार असे. मालाच्या घडणीत दोष असेल, त्याची रचनाच धोक्याची असेल, दिलेल्या हमीप्रमाणे तो नसेल, किंवा वापराविषयी पुरेशी सूचना अथवा इशारा दिलेला नसेल, तर उत्पादक जबाबदार ठरतो. कारखान्यात कोणी आणि कोठे हयगय केली याचा शोध ग्राहकाने घेण्याचे कारण नाही. दोष होता आणि त्यापायी इजा झाली, एवढे त्याने दाखवावे. विक्रेताही काही प्रसंगी सापडतो: त्याने मालात फेरफार केला असेल, स्वतःची वेगळी हमी दिली असेल, कारखान्याने दिलेला इशारा ग्राहकापर्यंत पोचवला नसेल, किंवा मालाच्या उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल, तर तोही उत्तरदायी होतो. तेव्हा नावगाव नसलेला स्वस्त माल विकणाऱ्याने सावध असावे.

तक्रार कोणी करावी? पेझलीच्या त्या बाईंची अडचण आपल्या कायद्याने मुळातच ठेवलेली नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा हाही ग्राहकच. म्हणून कुकर सासऱ्यांनी आणला असला तरी सून तक्रार करू शकते. बालकासाठी आईबाप, मृतासाठी त्याचे वारस आणि नोंदणीकृत ग्राहक संस्था यांनाही तो अधिकार आहे.

भरपाई शारीरिक इजा, आजार, मृत्यू, इजेबरोबर झालेला मनस्ताप आणि अन्य मालमत्तेची हानी यांबद्दल मागता येते. आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. कारखाना परमुलखात असला तरी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. कोणत्या आयोगाकडे जावे आणि शुल्क किती, हे मागितलेल्या भरपाईवर अवलंबून नसून वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर आहे. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निकष वैध ठरवला. पन्नास लाख रुपयांपर्यंत किमतीची वस्तू जिल्हा आयोगाकडे, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क मुळीच नाही. दोन हजारांच्या कुकरपायी दहा लाखांची भरपाई मागणाऱ्या बाईला एक रुपयाही शुल्क पडत नाही! वकील नेमण्याचीही सक्ती नाही.

आता दुसरी बाजू. मुदत दोन वर्षांची. वस्तूचा गैरवापर झाला असेल, तिच्यात मोडतोड वा बदल केला असेल, तर विक्रेत्याविरुद्धचा दावा टिकत नाही. शिटीच्या जागी भलतेच वजन बसवणाऱ्याने, किंवा मूळच्या सेफ्टी व्हॉल्व्हऐवजी दुसराच ठोकून बसवणाऱ्याने कोणाकडे बोट दाखवावे? सर्वांना ठाऊक असलेल्या उघड धोक्याचा इशारा दिला नाही म्हणूनही उत्पादकाला धरता येत नाही. निकाल तीन महिन्यांत, आणि माल तपासावा लागल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. व्यवहारात बहुधा याहून पुष्कळ अधिक काळ जातो. धीर हवा.

पण आमच्या मते खरी अडचण धीराची नाही, पुराव्याची आहे. दोष नुसत्या डोळ्यांनी कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणीचा खर्च तक्रारदाराला आधी भरावा लागू शकतो. पण वस्तूच भंगारवाल्याकडे गेली असेल, तर तपासायचे काय? म्हणून अपघात झाला की आधी माणसाला वाचवा, आणि मग वस्तू आहे तशी बाजूला ठेवा. तिची झाकणे, रिंगा, तुकडे सारे एका पिशवीत बांधा. ती धुऊ नका, दुरुस्त करू नका, कोणाला परत देऊ नका. जागेची व जखमेची छायाचित्रे काढा. दुकानाचे बिल, खोके, हमीपत्र आणि सूचनांचा कागद शोधून काढा. जखम कशाने झाली ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि कागदावर तसे लिहून घ्या. 'आता आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर घाईने सही करू नका. समेटाला आमचा विरोध नाही. मात्र तो उपचारांचा पुरता हिशेब झाल्यावर करावा.

खरेदी करतानाही डोळे उघडे असावेत. घरगुती प्रेशर कुकरवर १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक, म्हणजे आयएस २३४७, आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर पडताळता येतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. तेथे निवाडा होत नाही, पण वाट कळते. भेसळीच्या अन्नाने बाधा झाली तर अन्न सुरक्षा कायदा, २००६ याखाली निराळी भरपाई आहे. मृत्यू झाल्यास ती किमान पाच लाख रुपये.

कोणी म्हणेल, भरपाई मागणे म्हणजे दुःखाचे पैसे करणे. आम्हांला ते पटत नाही. तक्रार न केलेला सदोष कुकर एकटा नसतो. त्याच साच्यातून निघालेले त्याचे भाऊबंद दुसऱ्यांच्या चुलीवर चढलेले असतात. २०२० साली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक माल बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार आहे. पण कोणी कळवलेच नाही तर त्याला कळणार कसे?

शेवटी विश्वस्तांना एक विनंती. संस्थेच्या कार्यालयात आठवड्यातून एक सायंकाळ दोन जाणत्या मंडळींनी बसावे, तक्रार लिहून द्यावी, कागद लावून द्यावेत. निवृत्त कारकून, शिक्षक, वकील आपल्यात कमी नाहीत. शिष्यवृत्तीइतकेच हेही दान मोलाचे ठरेल.