घराची डागडुजी आणि शेवटचा हप्ता
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना शिकविणारा मनुष्य. विद्वत्तेचे भाषण मला साधणार नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेकांची गावी वडिलार्जित घरे आहेत, आणि ती दुरुस्त करण्याचा प्रसंग प्रत्येकावर केव्हा ना केव्हा येतोच. म्हणून अशा एका प्रसंगी माझ्या हातून जी चूक घडली, तीच आज आपणांपुढे मांडतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमचे घर आजोबांनी बांधलेले. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, मातीत रचलेल्या, वर चुन्याचा गिलावा आणि छपराला मंगळुरी कौले. २०१२ साली वैशाखात मुलीचे लग्न घरीच करावयाचे ठरले. माजघराची भिंत कमरेपर्यंत ओली राही व तेथील गिलावा सुटला होता. शेजारच्या गावच्या एका कंत्राटदारास काम दिले. कंत्राटदार म्हणजे स्वतः थापी हाती घेणारा गवंडीच. हाताखाली चार माणसे, एवढाच त्याचा पसारा.

त्याने घराभोवती फेरी मारली, जोते पाहिले आणि म्हणाला, “गुरुजी, आधी पागोळीचे पाणी जोत्यापासून दूर न्या. कौले परतून घ्या. आणि भिंतीला चुनाच लावा. वेळ लागेल, पण टिकेल.” मला वेळच तर नव्हता. शिवाय शेजाऱ्यांच्या घरचा सिमेंटचा गुळगुळीत गिलावा डोळ्यांत भरला होता. मी सिमेंटचा आग्रह धरला. त्याने दोनदा समजावून सांगितले. तिसऱ्यांदा तो बोलला नाही. सांगितल्याप्रमाणे काम करून मोकळा झाला. लग्न थाटात पार पडले. ठरलेल्या रकमेपैकी वीस हजार रुपये पावसाळा उलटल्यावर द्यावयाचे होते.

दसऱ्याच्या सुमारास भिंतीला लोणा फुटला. ओल कमरेची खांद्यापर्यंत चढली. कंत्राटदार पैशासाठी आला तेव्हा, “हे तुमचे काम!” असे म्हणून मी त्यास ओटीवरूनच परत लावला. इतकेच नव्हे, तर त्याचा दोष सिद्ध करण्यासाठी गावातील एका वृद्ध गवंड्यास बोलावून आणले.

त्या म्हाताऱ्याने थापीच्या दांड्याने भिंत ठोकली. पोकळ आवाज आला. गिलाव्याची एक खपली त्याने हाताने उचकटली. आतली माती दिवाळी सरली तरी ओलीचिंब होती. मग त्याने मला सारा उलगडा करून सांगितला. मातीत रचलेली भिंत जमिनीतील पाणी वर ओढते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. त्यातून ती ओल बाहेर पडून उडून जाते. सिमेंटचा गिलावा कठीण व घट्ट. तो ओलीची वाट अडवितो. मग ती भिंतीतच वर चढते, आणि तिच्यातील क्षार साचून गिलाव्यालाच ढकलून पाडतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, म्हणूनच त्याला वेळ द्यावा लागतो. एवढे सांगून म्हाताऱ्याने विचारले, “ह्या भिंतीला सिमेंट लावा असे कोणी सांगितले?” मजजवळ उत्तर नव्हते.

त्या रात्री मी कामाची वही काढली. अंदाजपत्रकात त्याने ‘चुन्याचा गिलावा’ असे लिहविले होते, आणि त्यावर तांबड्या शाईची रेघ होती. ती माझ्याच हातची. जन्मभर मुलांच्या वह्यांतील चुकांवर जी रेघ मी ओढीत आलो, ती येथे बरोबर उत्तरावर ओढली होती!

दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन मी त्याच्या घरी गेलो. माणसांची मजुरी त्याने पतपेढीचे कर्ज काढून चुकती केली होती, हे मला तेथे समजले. मी व्याजही देऊ केले. तो म्हणाला, “व्याज नको, गुरुजी. हा गिलावा आत्ताच काढून टाकू. भिंत उन्हाळ्यापर्यंत वाळू दे, मग चुना लावू.” तसेच केले. पागोळीखाली फरसबंद गटारही बांधले. आज ती भिंत कोरडी आहे.

बंधूंनो, ह्यावरून मी काही नेम घालून घेतले आहेत. दुरुस्तीपूर्वी ओल कोठून येते ते शोधावे, रंगसफेदी मागाहून. माल व मजुरी यांचा हिशेब निरनिराळा लिहावा. हप्ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे ठरवावेत, आणि शेवटचा हप्ता कोणत्या दिवशी व कोणत्या अटीवर द्यावयाचा ते आरंभीच नमूद करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कारागिराने काय सुचविले व आपण काय ठरविले, ह्या दोन्ही गोष्टी वहीत शेजारी शेजारी लिहाव्यात. मोठ्या कंपनीस वीस हजारांची वाट पाहता येते. चार माणसांच्या कंत्राटदारास ती पाहता येत नाही. आपल्या मुलांपैकीही काही उद्या ह्याच धंद्यात उतरतील. त्यांना जो न्याय मिळावा असे आपणांस वाटते, तोच आपल्या ओटीवर उभ्या राहिलेल्या कारागिरास द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.