परक्या पडद्यावरील ब्राझील

परमुलुखांत आपल्या कलेचा गौरव व्हावा, ही इच्छा सर्वच राष्ट्रांना असते. घरच्या माणसांनीं केलेल्या स्तुतीपेक्षां परक्यानें केलेल्या स्तुतीला थोडें अधिक मोल येतें, हा जगाचा रिवाजच आहे. चित्रपटांचे महोत्सव भरूं लागल्यापासून या रिवाजाला एक ठरीव रूप आलें. एका देशाचे बोलपट दुसऱ्या देशांतील नगरांत नेले जातात, तेथें जाणते प्रेक्षक जमतात, पारितोषिकें वाटलीं जातात आणि विजयाची वार्ता मायदेशीं पोंचते. परंतु परक्यानें वाहवा केली म्हणजे त्याला आपलें म्हणणें उमगलें, असें नव्हे. हा भेद ब्राझीलच्या बोलपटांच्या इतिहासांत फार ठसठशीतपणें दिसून येतो.

ब्राझीलच्या ईशान्य भागांत सेर्तांव नांवाचा विस्तीर्ण आणि कोरडा प्रदेश आहे. तेथें पावसानें दगा दिला कीं गुरें मरतात, आणि माणसें घरदार सोडून शहरांची वाट धरतात. एके काळीं या प्रदेशांत दरोडेखोरांच्या टोळ्या वावरत असत. त्यांच्यावर लीमा बारेतो यांनीं साओ पाउलो येथील व्हेरा क्रूझ कंपनीसाठीं 'ओ कांगासैरो' हा बोलपट काढला, आणि १९५३ सालीं फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत त्याला साहसपटाचें पारितोषिक मिळालें. घोडे, बंदुका आणि दरोडेखोरांचे नक्षीदार पोषाख यांनीं युरोपचे डोळे दिपले. मौज अशी कीं, पडद्यावर दिसलेला सेर्तांव हा खरा सेर्तांव नव्हताच. चित्रण झालें होतें तें तेथून फार दूर, साओ पाउलो प्रांतांत. परदेशांतील प्रदर्शनाचे हक्क अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीकडे गेले होते. बोलपट देशोदेशीं गाजला, तरी व्हेरा क्रूझ कंपनी १९५४ सालीं कर्जांत बुडाली. नांव ब्राझीलचें झालें, पैसा दुसऱ्यानें नेला.

पुढें १९६२ सालीं कान येथील सर्वोच्च बहुमान आन्सेल्मो दुआर्ते यांच्या 'ओ पागादोर दे प्रोमेसास' या बोलपटानें मिळविला. नांवाचा अर्थ 'नवस फेडणारा'. आपलें गाढव मरणाच्या दारांतून परत आलें, म्हणून एक भाबडा शेतकरी खांद्यावर लांकडी क्रूस घेऊन साल्व्हादोर नगरांतील चर्चपर्यंत पायीं येतो; परंतु नवस आफ्रिकी परंपरेच्या देवीपुढें बोलला होता, हें कळतांच धर्मगुरु त्याला दारांतच अडवितो. ही कथा समजावयास कोणत्याहि देशाच्या प्रेक्षकाला कष्ट पडत नाहींत. श्रद्धा आणि अधिकार यांचा झगडा सर्वत्र सारखाच आहे. परंतु भूक ही वस्तु तशी नाहीं. जो पोटभर जेवून आला आहे, त्याला ती पडद्यावर दिसते खरी. पण ती त्याला जाणवेलच, असा भरंवसा देतां येत नाहीं.

याचा प्रत्यय दोनच वर्षांनीं आला. १९६४ सालच्या कान महोत्सवांत नेल्सन परेरा दोस सांतोस यांचा 'व्हिदास सेकास' हा बोलपट दाखविण्यांत आला. ग्रासिलियानो रामोस यांच्या १९३८ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. एक गुराखी, त्याची बायको, दोन लहान मुलगे आणि एक कुत्री, एवढाच त्याचा परिवार. दुष्काळांतून चालत येणें, एका मळ्यावर थोडे दिवस टेकणें, मालकाकडून हिशेबांत नागविलें जाणें आणि पुन्हां दुष्काळांत चालूं लागणें, एवढीच त्याची कथा. दिग्दर्शक प्रथम चित्रणासाठीं सेर्तांवांत गेले, तेव्हां पाऊस पडून सारी भूमि हिरवीगार झाली. म्हणून त्यांना तो बेत सोडून दुसराच बोलपट काढावा लागला. पुढें खऱ्या दुष्काळी उन्हांत चित्रण झालें, तें त्या उन्हाची धग यत्किंचितहि न झांकतां.

कथेंत आजारी कुत्रीला गुराखी गोळी घालतो. हें दृश्य इतकें हुबेहूब वठलें होतें कीं, ती कुत्री खरोखरच मारली, असा बोभाटा कान येथें झाला. शेवटीं ती जिवंत आहे हें पटविण्यासाठीं तिला विमानानें तेथें आणावें लागलें! मुक्या प्राण्याची कींव येणें हें कांहीं गैर नव्हे. परंतु रामोस यांनीं त्या कुत्रीला 'बालेया' असें नांव दिलें, आणि त्या दोन मुलांना मात्र नांवच दिलें नाहीं. सेर्तांवांत मुलांची किंमत काय आहे, हें सुचविण्याला याहून बोलका उपाय नसेल. कान येथें ज्यांचा जीव कळवळला तो नांव असलेल्या कुत्रीसाठीं. तशीं निनांवी मुलें त्या घटकेला कोठें चालत असतील, याची चौकशी करण्यासाठीं कोणाला विमान पाठवावें लागलें नाहीं.

या पार्श्वभूमीवर इटलींतील जेनोआ नगरांतील प्रसंग पाहिला पाहिजे. कोलंबियानुम या संस्थेनें फादर आंजेलो आर्पा या जेझुइट धर्मगुरूंच्या पुढाकारानें लॅटिन अमेरिकेच्या बोलपटांचा महोत्सव १९६० सालापासून इटलींत भरविण्यास आरंभ केला होता. जानेवारी १९६५ मध्यें तो जेनोआ येथें भरला, आणि त्यांत ब्राझीलच्या नव्या पिढीच्या, म्हणजेच 'सिनेमा नोव्हो' या संप्रदायाच्या, कृतींना मानाचें स्थान मिळालें. यजमान सुसंस्कृत होते, हेतु उदार होता. तेथें ग्लाउबेर रोशा हा पंचवीस वर्षांचा दिग्दर्शक बोलावयास उभा राहिला. त्याचा 'देउस इ ओ दियाबो ना तेर्रा दो सोल' हा बोलपट आदल्याच वर्षीं कान येथें दाखविला गेला होता. त्यानें आभाराचें भाषण केलें नाहीं. 'भुकेचें सौंदर्यशास्त्र' या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेला निबंध त्यानें तेथें मांडला.

त्याच्या म्हणण्याचा सारांश असा. लॅटिन अमेरिकेचा माणूस आपल्या दैन्याचें रडगाणें गातो, आणि युरोपचा रसिक त्या दैन्याचीच चव घेतो. दैन्य हा रोग आहे हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं, त्याला तो केवळ कलेचा एक नवा मसाला वाटतो. ब्राझीलचा माणूस स्वतःच्या भुकेची लाज बाळगतो, आणि परका तिच्याकडे नवलाई म्हणून पाहतो. दोघांनाहि ती समजलेली नसते. म्हणून भूक झांकूं नये, सजवूं नये; ती जशी आहे तशी, रूक्ष आणि ओबडधोबड, पडद्यावर आणावी. भुकेल्याच्या हातून घडणारी हिंसा हा रानटीपणा नसून ती त्याची भाषा आहे, आणि ती ऐकूं येईपर्यंत वसाहतवाल्याला त्याच्या अस्तित्वाची जाणीवच होत नाहीं.

या विचारांतील हिंसेचा पुरस्कार सर्वांना मानवेल असें नाहीं, आणि मानवूं नये, असेंहि कोणी म्हणेल. परंतु सत्कारासाठीं बोलाविलेल्या पाहुण्यानें सत्काराचाच हिशेब मागावा, हें धैर्य थोर होतें. तो नसता तर जेनोआचा तो महोत्सव दहा-पांच बोलपटांच्या यादीपुरताच उरला असता.

तथापि परदेशचा मान घरच्या संकटाला आवरूं शकत नाहीं, हेंहि लवकरच दिसून आलें. ब्राझीलमध्यें १९६४ सालीं लष्करी सत्ता आली होती. डिसेंबर १९६८ मधील कठोर फर्मानानें उरलेंसुरलें स्वातंत्र्यहि गेलें. १९६९ सालीं कान येथें रोशा याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचें पारितोषिक मिळालें, आणि १९७१ सालीं त्याला देश सोडावा लागला.

त्याच १९७१ सालीं रिओ द जानेरो येथें रुबेन्स पाय्व्हा या माजी लोकप्रतिनिधीला शिपायांनीं घरून नेलें. तो परत आला नाहीं. त्याच्या पत्नीच्या चिकाटीची कथा वॉल्टर सालेस यांनीं 'आइन्दा एस्तो आकी' या बोलपटांत सांगितली. २०२४ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत तिच्या पटकथेचा गौरव झाला, आणि मार्च २०२५ मध्यें त्या बोलपटाला परभाषीय चित्रपटांसाठींचें ऑस्कर मिळालें. परंतु याहून मोठी गोष्ट ही कीं, खुद्द ब्राझीलमध्यें पन्नास लाखांहून अधिक लोकांनीं तो चित्रगृहांत जाऊन पाहिला. ज्या घरांतून अशा गोष्टी कुजबुजत सांगितल्या जात, त्या घरांतील मुलेंनातवंडें आईबापांशेजारीं बसून तो पाहत होतीं.

परदेशांतील महोत्सवाची खरी कसोटी हीच होय. तेथें टाळ्या किती पडल्या, यावरून त्याचें मोल ठरत नाहीं. तेथून निघालेला बोलपट आपल्या माणसांपर्यंत परत पोंचला कीं नाहीं, यावरून तें ठरतें. पाहुण्याच्या घरीं मिळालेला मान गोड असतो खरा. पण ज्याची भूक पडद्यावर मांडली, त्यानेंच ती पाहिली नाहीं, तर तो मान अर्धाच राहतो.