राजवाड्यांची दप्तरे आणि आमच्या माळ्यावरील रुमाल

(वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हांस इतिहासावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. लढाया आणि तह यांविषयी सांगणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. आम्ही आज बोलणार आहोत ते अभ्यासकाच्या मागे राहिलेल्या कागदांविषयी.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निवर्तले. ऐन तारुण्यात पत्नी वारल्यावर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. गावोगाव हिंडून त्यांनी जुन्या घराण्यांतील पत्रे मिळविली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि तिचे एकंदर २२ खंड झाले. अशा विरक्त पुरुषाची इस्टेट ती कोणती? त्याने लिहिलेले आणि जमविलेले कागद, हीच!

या इस्टेटीची काळजी धुळेकरांनी घेतली. १९२७ सालीच तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यात पुढाकार घेणारे भास्कर वामन भट हे व्यवसायाने वकील. बुलढाण्याचे यादव माधव काळे हेही वकीलच, आणि १९२४ सालचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ त्यांचा. हा केवळ योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही. कागद कोणाच्या ताब्यातून आला, अस्सल की नक्कल, हे विचारल्याखेरीज वकिलाचे पाऊल पुढे पडत नाही. संशोधकाचेही पडत नाही.

या जपणुकीचे फळ काय मिळाले? राजवाड्यांचा मराठी धातुकोश १९३७ साली आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश १९४२ साली, कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. कर्ता गेल्यावर दहा-पंधरा वर्षांनी त्याचे ग्रंथ जन्मास आले. दप्तरे वाण्याच्या दुकानी गेली असती, तर ते आपणांस दिसते ना.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो; ती अभिमानाची नाही. आमचे आजोबा तालुक्याच्या कोर्टात वकिली करीत. पक्षकारांच्या मोडी कागदांच्या नकला घेऊन गावाचा इतिहास लिहावा, हा त्यांचा छंद. ते गेल्यावर वाड्याच्या वाटण्या झाल्या. मोडी वाचणारा घरात कोणी उरला नव्हता. भांडीकुंडी मोजून घेतली आणि रुमाल रद्दीच्या भावाने दिले. माळ्याच्या कोपऱ्यात दोन तेवढे राहिले.

पुढे एका जाणत्याकडून ते वाचवून घेतले. त्यात गावच्या विहिरीचा करारनामा नकलेच्या रूपाने निघाला. जिच्यासाठी दोन घराणी पिढ्यान्‌पिढ्या भांडली, ती विहीर दोघांनी मिळून बांधली होती! नकलेच्या समासात आजोबांच्या हातचे शब्द होते : ‘अस्सल पाहा, रुमाल सातवा.’ तो सातवा रुमाल आम्हीच विकला होता. त्या दिवशी झालेली शरम अद्याप गेलेली नाही.

म्हणून हात जोडून विनंती आहे. घरी जुने दप्तर असेल तर ते उसकटू नका. ज्या क्रमाने बांधले आहे तो क्रमही पुरावाच असतो. कोणाचे, कोठे सापडले, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. छायाचित्रे आता घरबसल्या घेता येतात, ती घ्या. परंतु छायाचित्र घेतले म्हणून मूळ कागद टाकू नका. घरी सांभाळणे होत नसेल, तर संशोधन संस्थेशी बोला.

आणखी एक. थोरवीची सनद ठेवावयाची आणि कर्जाचा किंवा भाऊबंदकीचा कागद फाडावयाचा, हा मोह आवरा. आमच्या विहिरीचे सत्य भांडणाच्या कागदांतच दडले होते.

दिवाळीची साफसफाई जवळ येत आहे. माळ्यावर चढाल तेव्हा सातव्या रुमालाची आठवण ठेवा, एवढेच मागून आम्ही आपली रजा घेतो.