ही भूक कोणाची?



आहारावर व्याख्यान आहे म्हटले की श्रोत्यांची एक ठरावीक अपेक्षा असते. वक्ता काय खावे, काय टाकावे याची यादी देणार, तूप बरे की तेल बरे याचा निवाडा करणार, आणि आपण घरी जाऊन तो चार दिवस पाळणार. आमच्याजवळ आज अशी यादी नाही. असे आहाराचे तक्ते आम्ही आमच्या दवाखान्यात तीस वर्षे वाटले आणि त्यांतले बहुतेक फुकट गेले, हे कबूल करूनच बोलण्यास आरंभ करतो.

आमच्याकडे एक शिक्षिका येत असत. वय पंचेचाळिशीच्या घरातले, रक्तातील साखर नुकतीच वाढू लागलेली. आम्ही त्यांना नेहमीचा कागद दिला. सकाळी अमुक पोळ्या, दुपारी तमुक भाजी, गोड बंद, तळलेले बंद. दर महिन्यास काटा पुढेच सरके. एकदा बाहेर रोगी ताटकळत बसलेले, आम्ही वैतागलेले, जरा मोठ्यानेच बोलून गेलो, "बाई, तोंडावर ताबा नाही तर औषध काय करणार?" त्या काही बोलल्या नाहीत. कागदाची घडी करून तो पिशवीत ठेवला आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. आम्हांस त्याचे विशेष वाटलेही नाही. रोगी येतात, जातात.

पुढे काही वर्षांनी आमच्या पत्नीचे निधन झाले. दिवसकार्य उरकले, पाहुणे परतले, आणि रात्री दहाच्या सुमारास घर निवांत झाले की आमचे पाय आपसूक फडताळाकडे वळू लागले. आठला व्यवस्थित जेवण झालेले असे. तरी शेवेचा डबा काढून उभ्याउभ्याच खात असू. दिवासुद्धा लावत नसू. बोटे तळाला लागली म्हणजे डबा संपल्याचे कळे. काय खाल्ले त्याची चव विचाराल तर सांगता आली नसती. सकाळी मात्र स्वतःची लाज वाटे, आणि आज रात्री डब्याला हात लावायचा नाही असा निश्चय होई. तो रात्री दहापर्यंत टिके.

त्याच सुमारास त्या बाई भाजीबाजारात भेटल्या. आम्ही त्या दिवसाच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. त्यांनी मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही दर वेळी काय खाता ते विचारलंत. कधी खाता ते विचारलं असतंत, तर सांगितलं असतं." मुलगा नोकरीसाठी दूर गेल्यापासून शाळेतून परतून कुलूप उघडले की खांद्यावरची पिशवी न उतरवता त्या थेट स्वयंपाकघरात जात. पहिली पंधरा मिनिटे घर फार मोठे वाटे, एवढेच त्या म्हणाल्या. पुढचे आम्हांस कळले, कारण आमचाही डबा तोच होता.

तेव्हा आजचा प्रश्न असा : भूक लागली असे आपण म्हणतो तेव्हा ती भूक कोणाची असते?

पोटाची भूक हा काही कल्पनेचा खेळ नव्हे. 1912 साली वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने वॉशबर्न नावाच्या आपल्या सहकाऱ्याला रबरी फुगा गिळायला लावला आणि जठराच्या हालचाली नोंदविल्या. जठर आकसे त्या वेळी भुकेची कळ आल्याचे वॉशबर्न सांगत. पुढे कळले की जठर हा त्या संभाषणातला एकच वक्ता आहे. शरीरातील चरबी मेंदूला आपली खबर कळविते. ते काम करणाऱ्या लेप्टिन या द्रव्याचा शोध 1994 मध्ये लागला. भूक चेतविणारे घ्रेलिन 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधले. हे घ्रेलिन रोजच्या जेवणाच्या वेळेआधी रक्तात वाढते. म्हणजे एक वाजला की भूक लागते अशी जी तक्रार आपण थट्टेने करतो, ती खोटी नाही. शरीर आपले घड्याळ पाळते. आणि पोट भरू लागले की त्याचीही वर्दी मेंदूकडे जाते, मात्र ती सावकाश पोचते. पाच मिनिटांत ताट रिकामे करणाराला ती गाठूच शकत नाही.

हे बोलणे ऐकू येण्याची खूण आपल्या म्हणीतच आहे. भुकेला कोंडा, निजेला धोंडा. पोटाची भूक हळूहळू चढते आणि कालच्या भाकरीवरही समाधान मानते. दुसरी भूक अवचित येते, तिचे ठिकाण पोटात नसून तोंडात आणि डोक्यात असते, तिला भाकरी चालत नाही, शेवच लागते. आणि पोट तट्ट भरले तरी ती थांबत नाही, कारण पोटाशी तिचे देणेघेणेच नव्हते. दर वेळी ही वाटणी इतकी स्वच्छ होते असे समजू नका. पुष्कळदा दोन्ही एकत्र येतात. दुपारचे जेवण चुकलेला, वर साहेबाची बोलणी खाल्लेला माणूस संध्याकाळी वडापावच्या गाडीशी उभा राहतो, त्याची कुठली भूक किती हे कोण सांगणार?

या बाबतीत आमच्या जुन्या वैद्यांनी फार मार्मिक गोष्ट लिहून ठेवली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय आहे, 'न वेगान्धारणीय' नावाचा. शरीराचे जे वेग अडवू नयेत असे तेरा वेग तेथे सांगितले आहेत. मलमूत्र, शिंक, जांभई, तहान, झोप हे त्यांत आहेतच. पण भूक आणि अश्रू हे दोन्ही त्याच यादीत आहेत. आम्ही हा अध्याय विद्यार्थिदशेत कुतूहलाने वाचला होता. पत्नीच्या निधनानंतर पुन्हा वाचताना या जागी थांबलो. आम्ही रडलो नव्हतो. चार लोकांत कर्ता पुरुष रडत नाही. एक वेग अडविला आणि तो दुसऱ्याच्या दाराने बाहेर पडला. त्याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध हे मनाचे वेग आवरावेत असेही म्हटले आहे, हे येथे लपवीत नाही. पण शोक आवरणे वेगळे आणि डोळ्यांतले पाणी कोंडणे वेगळे, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. संस्कृतज्ञ मंडळींनी आमची चूक असल्यास सभेनंतर जरूर सांगावी. चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांच्या योगाने बेताने खाल्लेले पथ्यकर अन्नही पचत नाही, असेही विमानस्थानात सांगितले आहे.

आता कोणी म्हणेल, दुःखावर खाणे हा दुबळेपणाच. आम्हांस तसे वाटत नाही. पडून गुडघा फुटलेल्या पोराच्या हातावर आई गुळाचा खडा ठेवते, तेव्हा ती त्याला काही वाईट शिकवीत नाही. आणि गोड व स्निग्ध अन्नाने ताण खरोखरच थोडा उतरतो, असे उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे मेरी डॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडले. शेवेने आम्हांस पाच मिनिटे आधार दिला हे खोटे नव्हते. बिघडते ते पुढे. हिल्डे ब्रुख या जर्मनीत जन्मलेल्या, अमेरिकेत स्थायिक झालेल्या मनोवैद्याने म्हटले होते की, मूल कशासाठीही रडले तरी त्याच्या तोंडात खाऊच घातला, तर भूक कशाला म्हणतात हे त्या मुलाला शिकताच येत नाही. भीती, कंटाळा, थकवा, एकटेपणा, सगळ्यांना तो भूक हे एकच नाव देऊ लागतो. आमच्या घरांतून तर आग्रहाची भर! पोट भरले म्हणणाऱ्या पाहुण्याच्या पानात जिलबी पडते. मुलाने पुरे म्हटले की "एवढा घास काऊचा" सुरू होते. पुरे हा शब्द इतक्या प्रेमाने मोडून काढणारे लोक आम्ही दुसरीकडे पाहिले नाहीत.

त्यावर उपाय म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी काय करतो? बंदी घालतो. बंदीचे काय होते हे 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात दिसले. युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकाने नकार दिलेले 36 निरोगी तरुण स्वखुशीने पुढे आले आणि ॲन्सेल कीज यांनी त्यांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. वजन जवळजवळ एकचतुर्थांश उतरले. पण लक्षात ठेवण्याजोगे ते मनाचे. रात्रंदिवस अन्नाचीच बोलणी; पाककृतींची पुस्तके जमवून कोणी ती कादंबरीसारखी वाचीत बसे. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावर काही जण पोटात जागा न उरेपर्यंत खात आणि तरी भूक भागली नाही म्हणत. हे तरुण हावरट नव्हते. त्यांच्या शरीराला दुष्काळ दिसला होता. शरीराला तक्त्यातला दुष्काळ आणि खरा दुष्काळ यांतला फरक कळत नाही.

दुसरा एक छोटा प्रयोग 1975 साली हर्मन आणि मॅक यांनी प्रसिद्ध केला. काही विद्यार्थिनींना आधी दूध-आइस्क्रीमचे घट्ट पेय पाजले आणि नंतर आइस्क्रीम हवे तितके चाखण्यास दिले. ज्या एरवी मोजूनमापून खात नव्हत्या त्यांनी पेयानंतर कमी खाल्ले. ज्या सदैव पथ्यावर असत, त्यांनी उलट अधिक खाल्ले! आज मोडलेच आहे, तर आता काय उरले? एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणताना आपल्या आजीबाईंना हे ठाऊक होते. तिला प्रयोगशाळा लागली नाही.

मग आम्ही काय केले ते सांगतो. शेवेचा डबा फेकला नाही. एवढेच ठरविले की खायचे तर दिवा लावून, बशीत काढून, बसून खायचे. आणि हात डब्यात घालण्यापूर्वी पोटावर ठेवून विचारायचे, येथे काही आहे का? पहिल्या रात्री हा प्रकार हास्यास्पद वाटला. दिवा लावून बसलो, पहिला घास चावला, आणि समोरची रिकामी खुर्ची दिसली. अंधारात ती दिसत नसे. त्या रात्री शेव बशीत तशीच राहिली आणि आम्ही पुष्कळ वेळ रडलो. दुसऱ्या रात्री सगळी खाल्ली; हेही सांगितले पाहिजे. अशा आगेमागे वर्ष गेले. हळूहळू दहाच्या ठोक्याला फडताळाऐवजी बहिणीला फोन करू लागलो.

दवाखान्यातही तक्त्याच्या जागी आम्ही वही देऊ लागलो. तीत किती खाल्ले ते लिहायचे नाही. कधी खाल्ले, बसून की उभ्याने, त्याच्या आधी काय घडले होते, आणि भूक पोटात होती का, इतकेच. गृहिणींच्या वह्यांनी आमचे डोळे उघडले. कित्येकींची भूक अकराला लागलेली असे आणि जेवण होई अडीचला, सर्वांचे आटोपल्यावर, उरलेसुरले ताटात टाकू नये म्हणून. साडेतीन तास मारलेली भूक मग संध्याकाळी सूड घेई. तेथे मनाचा दोष शोधणे अन्यायाचे होते. त्यांना अकराला जेवू देणे एवढाच उपाय होता, आणि तो सासरच्या मंडळींना पटविणे गोळ्या देण्यापेक्षा अवघड गेले.

एक सूचना मात्र आवश्यक आहे. शरीराचे ऐका म्हणजे औषध सोडा असे नव्हे. इन्शुलिन घेणाऱ्याला एकाएकी थरथर सुटून भूक लागली तर पोटावर हात ठेवून विचार करीत बसू नये. साखर तोंडात टाकावी. आणि ज्यांना वारंवार, आवरेनासे, लपून खावे लागते आणि मागाहून स्वतःची किळस येते, त्यांनी संकोच न करता मनोवैद्याकडे जावे. 2013 पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या रोगसूचीत त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद आहे आणि त्यावर उपचारही आहेत.

त्या बाई आता पुन्हा आमच्याकडे येतात. साखर औषधाने आणि चालण्याने बरीच आटोक्यात आहे, वजन फारसे उतरलेले नाही. शाळेतून परतल्यावर त्या आधी खिडक्या उघडतात, चहा टाकतात आणि ओट्याशी न थांबता कप घेऊन पायरीवर जाऊन बसतात. शेजारची मुले त्या वेळी अंगणात खेळत असतात. गेल्या महिन्यात वही दाखविताना त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. तेथे लिहिले होते : सव्वापाच, पायरीवर, दोन पोळ्या आणि गूळ, खरी भूक.