आपल्याच माणसांत उभं राहणं

औंढ्याच्या देवळाची आख्यायिका हिंगोली जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. संत नामदेवांना समोरून उठवून देवळामागे पाठवलं, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. नंदी आजही तिथे मागच्या बाजूलाच आहे. ज्या मुलखानं ही कथा जपली, त्याला श्रद्धेपायी बाजूला सारलेल्या माणसाचं दुःख कळतं असं मी धरून चालतो, आणि त्याच भरवशावर आज ख्रिस्ती श्रद्धेपायी झालेल्या छळाबद्दल बोलतो. अशा छळात खरं धैर्य कशात असतं? ज्यांनी दूर लोटलं त्यांच्यातच राहून त्यांचं भलं करत राहण्यात, असं मला मराठी ख्रिस्ती इतिहास वाचून वाटतं.

नारायण शेषाद्रींचं उदाहरण घ्या. हा ब्राह्मण तरुण 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा अजाण होता, आणि तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलगा वडिलांच्या हवाली झाला. पण घरी आलेल्या त्या पोराला जात घेईना. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर त्यांनाही सनातन्यांचा रोष सोसावा लागला. ज्या समाजानं घरावर हे आणलं त्याच्याकडे नारायणरावांनी पाठ फिरवली असती, तर कुणी दोष दिला नसता. ते मात्र पुढे निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. हिंगोलीही तेव्हा त्याच राज्यात होती. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. तिथे आलेली बहुतेक माणसं मांग समाजातली, म्हणजे गावकुसाबाहेरची. छळातून माणूस कडवट होऊनही निघतो. नारायणराव त्यातून आणखी खालच्या पायरीवरच्या माणसापर्यंत पोचले. मला तर त्यांच्या बाप्तिस्म्याहून बेथेलचं मोल अधिक वाटतं. बाबा पदमनजी 1854 मध्ये ख्रिस्ती झाले आणि 1857 मध्ये त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं ते हिंदू विधवांच्या हालांवर. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. घर मोडलं, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं दूर राहिल्या. तरी टिळकांनी ओवी-अभंग सोडला नाही.

यावर कुणी म्हणेल, या मंडळींच्या पाठीशी मिशन होतं, राज्य इंग्रजांचं होतं, मग धैर्य कसलं? आक्षेपात तथ्य आहे. मिशनच्या आवारात छप्पर मिळालं, नोकरी मिळाली. पण आई, बायको, भाऊबंद मिशन देऊ शकत नव्हतं. दुसरा आक्षेप आमिषाचा. धाक किंवा लोभ दाखवून कुणाचा धर्म बदलवणं चूकच, आणि ते ख्रिस्ताच्या शिकवणीलाही सोडून आहे. मात्र आजची व्यवस्था पाहा: 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार, अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा तो दर्जा आणि त्याच्या सवलती जातात. म्हणजे हा निर्णय घेणारा गरीब माणूस हातचं सोडत असतो. तो लोभीच असणार असं ठरवण्याआधी त्यानं काय गमावलं हे एकदा विचारा.

उरला प्रश्न सोसण्याचा. क्षमा करायची म्हणजे गप्प बसायचं, असं आपल्यातलेच काही भाविक समजतात. मला हे पटत नाही. नवा करार उघडा: प्रेषित पौलावर अन्याय होऊ लागला तेव्हा त्यानं रोमी नागरिक म्हणून आपला हक्क सांगितला आणि कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. आपल्याकडे 1850 च्या कायद्यानं, धर्म बदलला किंवा जातीनं वाळीत टाकलं म्हणून वारसा जाणार नाही, हे ठरवलं. आज संविधानाचं 25 वं कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत प्रत्येकाला श्रद्धा मानण्याचं, आचरण्याचं आणि सांगण्याचं स्वातंत्र्य देतं. हा हक्क मागताना मनात द्वेष असायची गरज नाही.

म्हणून ख्रिस्ती बंधुभगिनींनो, प्रार्थना अडवली, धमकी दिली, तर घडलं ते तारखेसह लिहून काढा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे पात्र माणसाला वकिलाची मदत मोफत मिळते. आणि इतर श्रोत्यांना एक विनंती: त्या दिवशी तुमच्या ख्रिस्ती शेजाऱ्याबरोबर ठाण्यापर्यंत चला.